अजून बाहेर

१

आमच्या मच्छीमार सोसायटीत रोज संध्याकाळी सहा वाजता एक कागद छापला जातो. वर तारीख, खाली ठळक अक्षरांत ‘अजून बाहेर’, आणि त्याखाली त्या दिवशी समुद्रावर गेलेल्या पण अजून न परतलेल्या माणसांची नावं. होडी सुटताना खलाशांची नावं प्रोग्रामात घालायची, होडी धक्क्याला लागली की एकेका नावापुढचं ‘आला’ हे बटण दाबायचं. सहानंतर जे नाव उरेल त्याच्या होडीला सुगंधाकाकी वायरलेसवर हाक मारते. ती सोसायटीची कारकून. बहुतेक वेळा इंजिन बंद पडलेलं असतं, नाहीतर मंडळी वाटेत देवबागला उतरून कुणाच्यातरी होमस्टेत चहा पीत बसलेली असतात. मग काकी तिथूनच त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते आणि कागद फाइलला लावते.

हे सगळं २००३ सालापासून एकाच प्रोग्रामवर चालत आलं होतं. बाबू नावाच्या माणसाने तो लिहिला होता. तेव्हा तो मालवणात कॉम्प्युटर क्लास चालवायचा. या जुलैत, मासेमारी बंद असताना, सोसायटीचा जुना कॉम्प्युटर एकदाचा मेला. नवा आला, पण त्यावर बाबूचा प्रोग्राम उघडेना. एक ऑगस्टला होड्या सुटणार होत्या आणि हातात दहा दिवस होते, म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी धनेश आमच्या खळ्यात, अंगणात येऊन उभा राहिला.

“प्राजक्ता, तू त्या पुण्याच्या कंपनीचा काम घरात बसान करतंस मा? मगे आमचा एक कर,” तो म्हणाला. “चाय पाजतंय.”

मी हो म्हटलं ते चहासाठी नव्हे. माझा थोरला भाऊ जितेंद्र रोज समुद्रावर जातो. पाच वर्षांपूर्वी वाऱ्यात त्याची होडी भरकटली तेव्हा त्या कागदावर त्याचं नाव उरलं, म्हणून माणसं शोधायला गेली आणि दादा घरी आला. तो कागद बंद पडलेला मला बघवला नसता. शिवाय जुना कोड नव्या यंत्रावर चालवून दाखवणं ही माझी खोड आहे. लोक म्हणतात, सगळं नव्याने लिही. मी म्हणते, चालतंय त्याला हात कशाला लावायचा?

२

बाबूच्या प्रोग्रामचं सगळं डोकं एका फाइलीत होतं. अशा फाइलीला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. झाकण घट्ट लावलेला डबाच तो. आत काय लिहिलंय ते दिसत नाही, आपण विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं. मूळ लिखाण कुणाकडेच उरलं नव्हतं. बावीस वर्षांच्या नोंदीसुद्धा फक्त त्या लायब्ररीलाच उघडता येत होत्या.

पण लायब्ररी होती बत्तीस बिटांच्या जुन्या जगातली आणि नवा कॉम्प्युटर चौसष्ट बिटांचा. माझ्या नव्या प्रोग्रामने तिला थेट हाक मारली की एकच संदेश यायचा, ‘फाइलचं स्वरूप चुकीचं आहे.’ आमच्याकडे नव्या फायबरच्या होडीत जुनं डिझेल इंजिन बसवतात तेव्हा मधला जोड लोहाराकडून घडवून घेतात. मी तेच केलं. जुन्या जगात चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्याच्या पोटात लायब्ररी ठेवली. नव्याने विचारलेलं तो तिला सांगणार, तिचं उत्तर नव्याला आणून देणार. दुभाष्याच म्हणा. बाबूच्या वेळच्या फॉन्टमधली नावं आजच्या मराठीत आणायचं कामही मी त्याच्याच गळ्यात बांधलं.

सातव्या दिवशी दुपारी लायब्ररी बोलली. मी एकटीच टाळी वाजवली. मग चाचणीसाठी तिच्याकडूनच एक कोरी नोंदवही तयार करून घेतली. एकही होडी नाही, एकही माणूस नाही. कागद छापला.

अजून बाहेर: दत्ताराम.

होडीच्या रकान्यात काही नव्हतं. वेळेच्या रकान्यातही काही नव्हतं.

३

पहिला संशय मी माझ्यावरच घेतला. दुभाष्या तपासला, फॉन्टचं भाषांतर तपासलं, नोंदवही पुन्हा कोरी केली. तेच नाव. मग लायब्ररीच्या फाइलीत ते नाव शोधलं, जुन्या फॉन्टमध्ये, नव्या लिपीत, इंग्रजी अक्षरांत, उलटं लिहूनसुद्धा. कुठेच नव्हतं. कागद घेऊन सोसायटीत गेले.

सुगंधाकाकीने चष्मा कपाळावर चढवला आणि कागदाकडे नुसतं पाहिलं. “ता येताच,” ती म्हणाली. “रोज येता. मी खोडतंय.”

तिने फाइली काढल्या. दर दिवसाच्या कागदाच्या तळाशी तेच नाव, त्यावर लाल रेघ. बावीस पावसाळे आणि बावीस सीझन, जुना कॉम्प्युटर मरेपर्यंत एकही दिवस सुटलेला नाही. तिची रीतही ठरलेली होती. सगळ्या होड्या लागल्या की कागद घेऊन ती खाडीकडच्या खिडकीशी जायची, ते शेवटचं नाव एकदा मोठ्याने वाचायची, जराशी थांबायची. मग ‘येवचो नाय’ म्हणून लाल पेनाने खोडायची आणि खिडकी लावून घ्यायची.

“वाचूक बाबून सांगल्यान व्हता काय?” मी विचारलं.

“कोणी नाय सांगाक. नाव इला तर वाचूक नको? माणसाचा नाव आसा ता.”

दत्ताराम हा आमच्या गावच्या यशोदामावशीचा नवरा. २००३ च्या ऑगस्टमध्ये, प्रोग्राम सुरू झाला त्याच आठवड्यात, चारजण होडी घेऊन गेले आणि तीनजण आले. समुद्र शांत होता. जाळं ओढताना दत्ताराम होता, जाळं वर आलं तेव्हा नव्हता, एवढंच ते तिघे सांगत राहिले. बाबूने ‘आला’चं बटण फक्त होडीबरोबर चालेल असं केलं होतं, आणि होडी तर आली होती. मागे राहिलेल्या दत्तारामच्या नावापुढे मग बटणच उरलं नाही.

४

मला त्यात काही गूढ वाटलं नाही. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामात यादी रिकामी ठेवत नसत, कारण रिकाम्या यादीवर प्रोग्राम अडखळायचा. म्हणून तळाशी एक खोटी नोंद उभी करायची, पहारेकऱ्यासारखी. बाबूला दुसरं नाव सुचलं नसेल, त्या आठवड्यात गावाच्या तोंडी जे होतं ते त्याने घातलं असेल. बेअक्कलपणा, दुसरं काय. फाइलीत नाव का सापडत नाही याचंही उत्तर मी तयार केलं, तुकडे करून ठेवलं असणार. स्वतःची समजूत घालायला मला फार वेळ लागत नाही.

राग मात्र आला. यशोदामावशी बर्फाच्या कामासाठी दिवसाआड सोसायटीत येते, बाकावर बसते, आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवर, फाइलींत, तिच्या नवऱ्याचं नाव आठेक हजार वेळा खोडून ठेवलेलं. ही काय रीत झाली? मी माझ्या प्रोग्रामात प्रत्येक नावापुढे बटण दिलं होतं, होडी असो वा नसो. तीन ऑगस्टला, दादाची होडी आणि बाकीच्या सगळ्या लागल्यावर, दत्तारामच्या नावापुढे ‘आला’ दाबलं. लायब्ररीने मुकाट्याने घेतलं.

सहा वाजता कागद आला. अजून बाहेर: कोणी नाही.

धनेश खूश झाला. “बावीस वरसांनी कागद निवळ झालो,” तो म्हणाला. काकी खिडकीशी उभी होती. लाल पेनाचं टोपण काढलेलं, आणि खोडायला काही नाही. तिने कागद उलटा करून पाठ बघितली.

“तू काय केलंस गो?”

“चूक दुरुस्त केलंय.”

“आमी तुका चालू करूक सांगितलेला,” काकी म्हणाली. तिने पेनाला टोपण लावलं, पण खिडकी त्या दिवशी लावली नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर यशोदामावशी मासे घ्यायला आली. ती एकटी राहते. रोज दोन बांगडे नेते, एक दुपारी, एक संध्याकाळी. दादाने समुद्रावर निघण्याआधी सवयीने दोन काढून ठेवले.

“चार दी,” ती म्हणाली. पदर नीट खोचलेला होता, केसांत अबोली होती. मी तिथे होते. पाहुणे आले का म्हणून विचारलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“येवचा असता तेवा येता माणूस,” ती म्हणाली आणि निघून गेली.

अकराच्या सुमारास मी मुद्दाम तिच्या घरावरून गेले. नसती उठाठेव, पण गेले. ऊन असं की वाळूवर पाय ठरेना. दोरीवर एक पुरुषाचा सदरा होता, जुन्या काळचा, मोठ्या कॉलरचा. वर्षानुवर्षं पेटीत ठेवलेले कपडे बायका उन्हं दाखवायला काढतात, मी स्वतःला सांगितलं. पण सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं आणि खाली वाळूत चांगला वीतभर खड्डा झाला होता. एवढा खड्डा पडायला सदरा रात्रभर तरी ठिबकायला हवा. आत कुणीतरी खोकलं. खोकला पुरुषाचा होता.

मी सरळ घरी आले, लॅपटॉप उघडला आणि पुण्याचं काम केलं. संध्याकाळी चारला दादाची होडी लागली. मी स्वतः धक्क्यावर होते. दादाने माझ्या हातात बांगड्यांची टोपली दिली, माझ्याच मोबाइलवरून मी त्याच्या नावापुढे ‘आला’ दाबलं. स्क्रीनवर टिकलीसारखी हिरवी खूण आली.

सहा वाजता कागद आला. अजून बाहेर: जितेंद्र.

६

मी पुन्हा दाबलं. पुन्हा छापलं. स्क्रीनवर हिरवी खूण आणि कागदावर नाव. काकीने लाल पेन उचललं तेव्हा मी तिचा हात धरला. आमचा माणूस घरात बसलाय, त्याचं नाव कुणी खोडायचं नाही, असं मी तिला बजावलं. तिनेही वाद घातला नाही. नाव वाचलंसुद्धा नाही.

घरी दादा ओटीवर बसून जाळं सांधत होता. मी कपाळाला हात लावून हसले. दुभाष्यात कुठेतरी घोडं पेंड खात असणार, आणि मी साप म्हणून भुई धोपटत होते. ते हसू तीन दिवस टिकलं.

चौथ्या दिवशी रसिकावैनी, दादाची बायको, मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे दोरीवर दादाचे सगळे कपडे होते, आणि सगळ्यांतून पाणी गळत होतं.

“सुकनत नाय,” ती म्हणाली. “दोरयेवरचे नाय आणि अंगावरचेव नाय. चार दिस झाले. पिळतंय, घालतंय, परत तसेच.”

“हवा दमट आसा, वैनी.”

“माझे सुकतत मा.”

दुपारी जेवायला बसलो. “दादा, बांगडो वाढू?” मी विचारलं. आधी त्याने मान समुद्राकडे वळवली, जशी माझी हाक तिकडून आली होती. मग म्हणाला, “वाढ.” मधे एक क्षण गेला होता, वायरलेसवर समोरच्याचं बोलणं संपून आपलं पोचेपर्यंत जातो तेवढा. मी मुद्दाम आणखी काही विचारत राहिले. हवामान, डिझेल, त्याच्या मुलीची फी. दर वेळी मान समुद्राकडे, मधे तेवढाच क्षण, मग उत्तर. पाटावर बसल्या बसल्या तो जरासा हलत होता, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. त्याच्या पाटाखालची जमीन ओली होती. मी बोट लावून चाखलं, ते खारट होतं.

हात धुवायला उठताना त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला. पंचवीस वर्षं लाटांवर उभा राहिलेला माणूस आमच्या घराच्या शेणाच्या जमिनीवर तोल सांभाळत होता.

“प्राजू,” तो हळू म्हणाला, वैनीला ऐकू जाऊ नये म्हणून. “आपण अजून धक्क्याक लागाक नाय काय गो?”

मला तेव्हा भीती वाटली. आतापर्यंत मी म्हणत होते ती शंका होती, आता भीती होती.

७

बाबू आता समुद्रापासून लांब, वैभववाडीला स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. धनेशने नंबर काढून दिला. मी फोनवर झालेलं सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, यादी रिकामी राहू नये म्हणून तुम्ही खोटं नाव घातलं होतं का?

“नाही हो,” तो म्हणाला. मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते त्याने बंद केलं. “रिकामी यादी असेल तर ‘कोणी नाही’ असं छापायचं मी लिहिलं होतं. ते कधी छापलंच गेलं नाही. मी दोन महिने चूक शोधली. चूक नव्हती.”

“मग शोधायचं सोडून का दिलंत?”

“दत्ताराममुळे नाही. त्याच्या आधी चाचणी घेताना मी कोरी वही छापली होती, होड्या सुरू व्हायच्या आधी. तेव्हाही तळाशी एक नाव आलं होतं. ते बाबू होतं. मग चार दिवसांनी दत्ताराम गेला आणि माझं नाव निघालं. मॅडम, मी त्यानंतर समुद्रात पाय बुडवलेला नाही. तुम्ही ते नाव होतं तसं ठेवायला हवं होतं.”

मी फोन ठेवला आणि कामाला लागले, कारण हात चालू असले की माझं डोकं ठिकाणावर राहतं. लायब्ररी सरळ काढून टाकली. चार ओळींत स्वतःची यादी लिहिली आणि छापली. कोणी नाही. लख्ख कागद. पाचच मिनिटांत रसिकावैनीचा फोन आला. दादा चहाचा कप हातात धरून वाक्याच्या मधेच थांबला होता. डोळे उघडे, श्वास चालू, पण हाक ऐकू जात नव्हती आणि कप तोंडाशी जात नव्हता. मी लायब्ररी परत जागेवर ठेवली. फोनवरच मला दादाचा आवाज आला, त्याने अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पुरं केलं. साखर कमी पडलीय, एवढंच होतं ते.

तेव्हा माझ्यापुढे दोनच वाटा राहिल्या, दादा नाहीतर दत्ताराम. यादीत कुणीतरी हवं होतं, आणि ते कोण हे ठरवायचं बटण माझ्या हातात होतं.

८

यशोदामावशीकडे मी भर दुपारी गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं, बटण, यादी, दादा. तिने मला मधे तोडलं नाही.

“म्हणजे तेका परत घालतलंस,” ती म्हणाली.

“मावशी, माझो भाव आसा तो.”

“आणि ह्यो माझो घोव.” ती उंबऱ्यावर उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. “बावीस वरसां तुमी तेचा नाव खोडलास. कोणी एक दिस म्हणाक नाय की यशोदा, आज खोडूचा नको. एकदा तो गेलो तेवा माका कोणी इचारूक नाय. आता मी धाडूचंय नाय. तू बटण दाब, मी सोसायटी जाळतंय.”

तिच्या हाताखालून मला आतली खोली दिसली. चुलीपुढे पाटावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. ताटात बांगडा होता. कोपरातून पाण्याची धार संथ जमिनीवर पडत होती. ते डोकं वळायला लागलं, आधी समुद्राकडे, आणि मी मान खाली घातली. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असता तर मग मला त्याला परत घालता आलं नसतं, नाहीतर परत घातल्याशिवाय राहवलं नसतं. दोन्ही नको होतं.

सोसायटीत आले. धनेश आणि काकी वाट बघत होते. मी एक खोटंच नाव घालून पाहिलं, लायब्ररीने घेतलं नाही. गेल्या वर्षी वारलेल्या एका खलाशाचं नाव घातलं, तेही नाही. धनेशने घसा खाकरला. “आमच्या आळीतलो तो म्हातारो आसा मा, अंथरुणार. तसोय आज ना उद्या...”

“धनेश, तुझा घालू?” मी म्हटलं. तो दाराकडे सरकला.

“माझा घाल,” सुगंधाकाकी म्हणाली. “मी एकटी. आणि वाचणारीव मीच.”

“काकी, गप बस.”

मला संताप आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. बाबूने नाव दिलं नव्हतं, त्याचं आपोआप आलं. दत्तारामला कुणी विचारलं नाही. दादाला कुणी विचारलं नाही. एक डबाबंद फाइल माणसं उचलते आणि आम्ही इथे बसून पुढचा कोण ते ठरवतो? मी खुर्ची ओढली. ज्याने जोड घडवला त्यानेच इंजिनाची जबाबदारी घ्यायची असते. खलाशाचं नाव: प्राजक्ता. लायब्ररीने विचारलं, होडी? मी रकाना रिकामा ठेवला. तिने ते घेतलं.

सहा वाजता कागद आला. अजून बाहेर: प्राजक्ता. त्यावर दुसरं नाव नव्हतं.

घरी गेले तर दादा वैनीवर ओरडत होता, सोलकढीत मीठ जास्त झालं म्हणून. वैनी ओरडून घेत होती आणि रडत होती. मागच्या पडवीत त्याची लुंगी वाऱ्यावर फडफडत होती, अगदी कोरडी.

९

याला आता अडीच महिने झाले. माझे केस सुकत नाहीत. टॉवेल बांधून बसते. पुण्याच्या ऑफिसची संचिता मीटिंगमध्ये म्हणते, “प्राजक्ता, तुझा आवाज मागे पडतोय, नेटवर्क बघ जरा.” नेटवर्क उत्तम आहे. खुर्ची कधीकधी डावीकडे, उजवीकडे हलते, ते मी चालवून घेते. हात दाखवून अवलक्षण केलं, तर त्याची तक्रार करत बसण्यातली मी नाही.

पण मी दत्ताराम नाही. मी विचार केला, बावीस वर्षं त्याचं काय झालं? रोज खिडकीतून त्याला हाक गेली, त्याच्या वतीने ओ द्यायला कुणी उभं राहिलं नाही, आणि रोज त्याला खोडलं. म्हणून लाल पेन मी काकीच्या टेबलावरून उचललं. ते माझ्या कपाटात आहे. रोज पावणेसहाला मी सोसायटीत जाते आणि खिडकीशी काकीच्या शेजारी उभी राहते. ती नाव वाचते. मी इथेच आहे हे सांगते, “आसंय. हंयसर आसंय.” काकी कागद तसाच, न खोडता, फाइलला लावते. पुण्याला मीटिंग असली तरी मी जाते, ताप असला तरी जाते. दादाला खरं कळलंय. तो तेव्हापासून सहाच्या आधी धक्क्यावर येऊन बसतो आणि मी बाहेर पडेपर्यंत हलत नाही. यशोदामावशीही येते, नवऱ्याला घरी ठेवून. माझ्याशी बोलत नाही, पण बाकावर बसून राहते.

बाकीच्या वेळात मी ती लायब्ररी एकेक बाइट करून वाचते आहे. अर्ध्याच्या वर झाली. माझं नाव तिच्यात कुठे ठेवलंय ते मला सापडेल, आणि सापडलं की मी ते माझ्या हाताने काढेन, त्या जागी दुसरं कुणाचंही न घालता.

परवा काकीने कागद उचलला, खिडकीशी गेली आणि वाचलं, “प्राजक्ता.”

मी तोंड उघडायच्या आत ओ आली. खाडीकडून आली, धक्क्याच्या टोकापासून. आवाज माझा होता, आणि तो मागे पडत नव्हता. उलट माझ्याच आवाजाला अलीकडे तो मधला क्षण लागतो. धक्क्याच्या टोकाला कुणीतरी पाण्यात पाय सोडून, आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. केस ओले होते. दादा त्याच धक्क्यावर होता, आणि तो तिकडे बघत उठून उभा राहिला होता.

काकीने माझ्याकडे पाहिलं, मग धक्क्याकडे. तिचा हात टेबलावर जिथे पेन असायचं तिथे गेला.

“काकी,” मी म्हटलं, “परत वाच.”

“प्राजक्ता,” तिने वाचलं.

मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि घसा फाटेस्तोवर ओ दिली. दादाने मान वळवली. आधी समुद्राकडे नाही, सरळ माझ्याकडे. बाकावरून यशोदामावशी उठून माझ्या बाजूला आली आणि तिने माझा दंड धरला, पक्का. धक्क्याच्या टोकाला फक्त ओला दगड होता.

काल पुन्हा दोन आवाज आले. माझा मोठा होता. आज सहाला वीस मिनिटं आहेत आणि घसा बसलाय, म्हणून वैनीने गरम पाण्यात मीठ घालून दिलंय. गुळण्या करते आणि निघते.